गंगाबाईची विहीर आणि निकेलचे हिरवे खडे

अन्याय झाला तो गंगाबाईवर. दुष्काळाच्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळचा टँकर वस्तीवरून गेल्यानंतर आणि दुपारच्या भाकरी व्हायच्या आत, एका सरकारी जीपमधून दोन माणसं उतरली आणि तिच्या विहिरीच्या काठावर त्यांनी लाल रंगाने लिहिलं : ‘पिण्यास अयोग्य’. पाणी तपासलं नाही. बादली सोडली नाही. आत वाकूनसुद्धा पाहिलं नाही. काठाला लागून काळ्या चिखलाची पिपं रचलेली होती, ती पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि रंगाचा डबा उघडला.

आधी माणसाचं नाव, मग वेळ, मग तक्रार, अशी पत्रक लिहायची शिस्त मला लावलेली आहे, म्हणून दिवाळी अंकाच्या लेखाचीही सुरुवात तशीच झाली. संपादक म्हणाले होते, ‘तुमच्या कामाच्या आठवणी लिहा, जरा हलकंफुलकं असू द्या.’ प्रयत्न करते.

माझं काम म्हणजे मायक्रोवेव्हची भट्टी चालवणं. घरात वरण गरम करायला जी पेटी असते, तिची दांडगी थोरली बहीण. कारखान्यांनी फेकून दिलेला गाळ, राख, काळा चिखल त्या भट्टीत भाजायचा आणि त्यातले कामाचे धातू परत मिळवायचे. लातुरात माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक आधी विचारतात, ‘म्हणजे बेकरी का?’

त्याआधी मी पत्रकं लिहायचे. उदगीरकडच्या आमच्या भागाचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून आंदोलन चाललं होतं. कुणी मोर्चाच्या पुढे असे, कुणी मंडपात उपोषणाला, मी छापखान्यात. ‘ताई, उद्गारचिन्हं कमी करा, शाई लई खातात,’ असं छापखान्याचे काका म्हणायचे. मी ऐकत नसे. रागाला चिन्ह लागतंच.

गंगाबाईची गोष्ट माझ्याकडे आली ती अशीच, एका पानाचा मजकूर म्हणून.

तिची वस्ती लातूर-उदगीर रस्त्याच्या कडेला. समोर वनस्पती तुपाचा कारखाना, आता बंद. गंगाबाई तिथं गाळणीची फडकी धुवायची. हे तूप कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उदगीरच्या दुकानात जन्मभर ते विकलं आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं. पातळ तेलात हायड्रोजन वायू सोडला की ते थिजतं, तुपासारखं रवाळ होतं. पण तेल आणि वायू आपण होऊन एकत्र येत नाहीत. मध्ये निकेल धातूची अगदी बारीक भुकटी लागते. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरांत उठबस करतो, पंगतीला जेवतो आणि शेवटी आपला वेगळाच राहतो, तसं हे निकेल. बरीच लग्नं जुळवून झाली की ते थकतं. मग फडक्यातून गाळून तेलापासून वेगळं काढायचं. फडक्याला उरतो तो काळा, तेलकट, लोण्यासारखा चिखल. तो गंगाबाई आणि तिच्यासारख्या बाया उघड्या हातांनी खरवडायच्या. हातमोजे मागितले तेव्हा मुकादम म्हणाला होता, ‘तूपच हाय की ते, हात मऊ होतील.’ तिचे हात मऊ झाले नाहीत. कातडीला भेगा पडल्या, फोड आले आणि खाज कायमची वस्तीला आली.

दुष्काळात पाणी नाही म्हणून कारखाना बंद झाला. जाताना आवार रिकामं करून द्यायचं होतं. काळ्या चिखलाची पन्नासेक पिपं ट्रॅक्टरमध्ये भरली आणि गंगाबाईच्या विहिरीशेजारी उतरवली. ‘दोन दिसांत नेतो,’ म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर ती ठेवायची कुणाची छाती झाली असती? गंगाबाई मातंग समाजाची. तिच्या जागेवर ठेवलेल्या वस्तूबद्दल कुणी विचारायला येत नाही, हे ट्रॅक्टरवाल्यालाही माहीत होतं.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आलं. आसपासच्या विहिरी, बोअर, सगळं कोरडं. गंगाबाईच्या विहिरीला मात्र तळाशी एक झरा होता आणि तो आटला नव्हता. गावातल्या ज्या बायांनी कधी त्या बाजूला पाय ठेवला नव्हता, त्या हंडे घेऊन येऊ लागल्या. आधी स्वतःचा दोर आणायच्या. मग दोर विसरायला लागल्या. मग काठावर बसून गप्पा. कुणाची सून, कुणाचं बाळंतपण. दोनेक महिने ती विहीर साऱ्या शिवाराची झाली होती.

लाल रंग लागला आणि दुसऱ्या दिवशी काठावर कुणी नव्हतं.

मी गेले तेव्हा गंगाबाई एकटी बसली होती. म्हणाली, “ताई, पाणी आटलं आसतं तर मी काय म्हणले नसते. पाणी हाय. अन् कुणी पीना.”

“पिपांमुळं घाबरले असतील, मावशी.”

“पिपं होळीपासून हायेत. तवा पीतच होते की. आता रंगानं सोय झाली त्यांची.”

मी रागाने जिल्ह्याच्या कचेरीत गेले. टेबलामागचे साहेब चहा पीत होते. पिपं तिथून हलवली तर पाणी तपासता येईल आणि तपासलं तर रंग पुसता येईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आणि घातक कचरा हलवायला परवाना लागतो, तो देता येणार नाही.

“का?”

“ती हद्द नव्या जिल्ह्यात जाणार हाय. तिकडं करा अर्ज.”

“नवा जिल्हा झालाय का?”

“न्हाई.”

“मग?”

“होईल की. तुम्हीच तर मागून राहिलात.” त्यांनी खणातून माझंच पत्रक काढलं. “भाषा झकास हाय बघा. घरी पोरांना वाचून दाखिवलं.”

बाहेर आले. एसटीची वाट बघत बाभळीच्या विरळ सावलीत बसले. रस्ता उन्हात थरथरत होता, लांबवर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. आणि त्या पाण्यापलीकडे मला नवा जिल्हा दिसला.

हसू नका. त्या उन्हाळ्यात मी त्या जिल्ह्यात कितीदा तरी फिरून आले. तिथं कचेऱ्यांना पायऱ्याच नव्हत्या, सरळ रस्त्यावरून आत जायचं. टेबलांवर धूळ नव्हती. जे जे काम ‘तिकडं होईल’ म्हणून इकडे नाकारलं गेलं होतं, ते सगळं तिथं आधीच पोचलेलं होतं आणि होऊन गेलं होतं. वाटण्या, फेरफार, निवृत्तिवेतनं, पूल. झाडाखाली म्हातारी माणसं पाय पसरून बसलेली, कारण त्यांना आता कुठेच जायचं नव्हतं. आणि प्रत्येक विहिरीचा काठ चुन्याने पांढरा केलेला. एसटीच्या हॉर्नने मी जागी झाले.

पुढच्या आठवड्यात समदानी सर आले. हे नांदेडचे. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि लातूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये ही भट्टी उभी करून बसलेले. माझं पत्रक चौघडी करून खिशात आणलं होतं.

“बेटा, ‘काळा विषारी राक्षस’ लिवलंस. राक्षसाचं नाव काय?”

“नाव कशाला पाहिजे?”

“दुश्मनाचं नाव माहीत नसलं तर तो कुठूनबी येतो. निकेल नाव हाय त्याचं. जमिनीवर पडलं तर जहर. हातात आलं तर माल.” मग चष्मा पुसत म्हणाले, “पत्रक वाटून झालं असंल तर कामाला ये.”

मी गेले. अजून तिथंच आहे.

परवान्याच्या गाठीवर तोड सरांनीच काढली. कचरा हलवायला परवाना लागतो. भट्टी हलवायला लागत नाही. चाचणीसाठी भट्टी कुठंही चालवायची मंजुरी त्यांच्याकडे आधीपासून होती. आम्ही भट्टी सुटी केली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली, मागे जनरेटर जोडला आणि गंगाबाईच्या विहिरीवर नेऊन उभी केली. आणि भाजून झालेल्या भुकटीला कायद्याने कचरा म्हणत नाहीत, माल म्हणतात. माल कुठंही नेता येतो. ज्या कारखान्याने चिखल आणून टाकला त्याला कुणी परवाना विचारला नव्हता. उचलणाऱ्याला विचारला. ही या देशाची रीत आहे, आणि पत्रकात मावत नाही एवढी मोठी आहे.

भट्टी कशी चालते ते अप्पांनी मला फार चांगल्या प्रश्नाने विचारलं होतं. ते म्हणाले, “बाळ, घरच्या पेटीत स्टीलची वाटी ठिवली की ठिणग्या उडतात. अन् तुमी धातूच घालताव म्हंता?” उत्तर असं. अखंड धातू या लहरींना आरशासारखा परतवून लावतो. पण धातूची अगदी बारीक भुकटी, तेलात-मातीत मिसळलेली, त्या लहरी पिऊन टाकते आणि आतूनच तापते. चुलीवरच्या कढईत बाहेरून आत आच जाते. इथं प्रत्येक कण आपापली चूल. त्यामुळे जळण कमी आणि पाणी जवळजवळ लागतच नाही. दुष्काळात ही गोष्ट फार मोठी. आधी उरलेलं तूप वितळून खाली निथळतं, ते साबणवाले नेतात. मग चिखल कोरडा, करडा होतो. तोंडाला साधं फडकं बांधून भागत नाही, गाळणीचा मास्क लागतो, कारण ती धूळ फुप्फुसात गेली तर परत येत नाही. पुढे शेडमध्ये ती भुकटी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विरघळवायची, पुन्हा त्याच लहरींच्या उबेत, मग गाळायची, आटवायची आणि थंड होऊ द्यायची.

ट्रॉलीवर भट्टी सुरू झाली की बारीक गुणगुण व्हायची, भुंगा खोलीत अडकल्यासारखी. आणि वास सुटायचा, लग्नघरात पुऱ्या तळून तळून करपलेल्या तेलाचा. त्या वर्षी पाण्यावाचून लग्नं पुढे ढकलली जात होती. भर उन्हात सायकलवरून जाणारी माणसं थांबायची, नाक वर करून बघायची.

“कुणाचं लगीन हाय?” एकाने विचारलं.

गंगाबाईने पिपाकडे बोट केलं. “हिचं. पन्नास बहिणी हायेत, एकेक उरकून राहिलो.”

“जेवायला काय?”

“धूर.”

दुपारी सगळं शिवार झोपेत असे. वाऱ्याची झुळूक आली की लिंबोणीची दोन-चार पानं हलायची, आणि त्या गुणगुणीत मलाही डुलकी लागायची. डुलकीत वाटायचं, विहीर हळूच वर येतेय, पाणी काठाला लागलंय आणि पाण्यावर लाल अक्षरं विरघळून जाताहेत. जागी झाले की अक्षरं जिथल्या तिथं.

गोंधळ व्हायचा तो झालाच. हा चिखल वाळू देत नाहीत. कोरडा पडला आणि हवा लागली की तो आपोआप तापतो, पेट घेतो. म्हणून सर रोज सकाळी प्रत्येक पिपात चिखलावर वीतभर पाणी उभं राहील असं बघायचे. तसं सगळ्यांना सांगितलंही होतं. पण ज्या शिवारात माणसं हंड्याला कुलूप लावत होती, तिथं पिपात उभं असलेलं पाणी बघवतं कुणाला? गंगाबाईची लिंबोणी सुकत चालली होती. एका सकाळी तिने चार पिपांतलं पाणी अलगद काढलं. कारखान्यात शिकलेल्या हाताने, घागरीच्या तोंडाला फडकं लावून, काळा कण येऊ न देता. आणि झाडाला घातलं. सरांचं सांगणं ती विसरली नव्हती. तिला वाटलं, एका दिसाचं काय?

दुपारी त्या पिपांतून पांढरा धूर निघाला. मग एकाचा काठ विडीच्या टोकासारखा लाल झाला. सर नमाजाला गेले होते. मी ओरडले. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, वस्तीतून, गावातून माणसं पळत आली. टँकरचं, कुलपातलं, लेकरांच्या तोंडचं पाणी घेऊन. हंडे, घागरी, प्लॅस्टिकचे ड्रम. कुणी मागे-पुढे पाहिलं नाही. तेवढ्यात सर रस्त्यावरून धावत आले, टोपी हातात.

“पाणी नको! अरे थांबा! तापलेल्या निकेलवर पाणी नको, भडका उडंल! माती टाका, माती!”

हंडा उचललेले किसनमामा तसेच थांबले. हे गावातले वयस्कर, बंद पडलेल्या डाळमिलचे हमाल. म्हणाले, “सर, माती तर माती. यंदा तेवढीच पिकली हाय.”

घमेल्यांनी माती टाकली. आग दबली. कुणी भाजलं नाही. गंगाबाई लिंबोणीला टेकून बसली होती, तोंडावर पदर. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. “बहन, रागावत नाही. पण ते झाड आता निकेल पिऊन बसलंय. त्याचं लिंबू यंदा कुणी खाऊ नका.”

“ह्या वर्साला लिंबू येतंय कुठं?” ती पदराआडून म्हणाली, आणि सगळे हसले.

किसनमामांनी आपला हंडा खाली ठेवला आणि धापा टाकत बसले. गंगाबाईने सवयीने विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन पुढे केलं. मामांनी तांब्याकडे पाहिलं. काठावरच्या रंगाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हंड्यातलं टँकरचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले.

आग विझवायला आले. पाणी प्यायला आले नाहीत. हे वाक्य मी तेव्हा पत्रकासाठी मनात लिहून ठेवलं. छापलं नाही, कारण चार दिवसांनी माझेच अप्पा भट्टी बघायला आले. घाम पुसत, शिवा शिवा म्हणत सावलीत बसले. गंगाबाईने तांब्या आणला. अप्पांनी पिशवीतून बाटली काढली. “डॉक्टरनं पाणी बदलू नका म्हणून सांगितलंय, बाई.” कोणत्या डॉक्टरने ते मला आजवर कळलेलं नाही. जातपात न मानणाऱ्या संतांची वचनं पाठ असलेला माणूस. घरी जाताना मी म्हणाले, “तांब्या घ्यायचा होता, अप्पा.” ते म्हणाले, “बाळ, त्याच तुपाच्या डब्यांवर तुझं शिक्षण झालं, बरं का.” “म्हणूनच म्हणतेय,” मी म्हणाले. बस, एवढंच.

शेडमध्ये आमच्याकडे इतर गिऱ्हाइकंही येत होती. धातू मिळवून देतात असं कळल्यावर कोण काय घेऊन येईल याचा नेम नसतो. नायगावकडचे एक गृहस्थ मडक्यात राख घेऊन आले. आईची. गोदावरीत सोडायला पाणी नव्हतं म्हणून घरीच ठेवली होती. नाकातली सोन्याची मुरणी काढायची राहून गेली होती, ती राखेत असेल, तेवढी बघा म्हणाले. सरांनी भट्टीला हात लावला नाही. पांढरा कागद पसरला, बारीक चाळणी घेतली आणि आम्ही तिघांनी राख चाळली. ज्वारीच्या कणीएवढा सोन्याचा मणी निघाला, वितळून गोल झालेला. गृहस्थांनी तो बराच वेळ तळहातावर फिरवला आणि पुन्हा मडक्यात टाकला. “हाय का न्हाई तेवढंच बघायचं होतं,” म्हणाले. मडकं कडेवर घेऊन एसटीकडे गेले. नदीला पाणी येईपर्यंत ते घरीच राहणार होतं.

आता हिरव्या खड्यांबद्दल. गंगाबाईच्या पिपांची पहिली भुकटी विरघळवून, गाळून, आटवून सरांनी काचेच्या परातीत ठेवली. सकाळी मी शेड उघडलं तर परातीत खडे धरले होते. हिरवे. निकेलचं तेजाबातलं मीठ तसंच असतं, ते पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तक वाचताना बाहेर दुष्काळ नव्हता. खिडकीबाहेर करडी जमीन, करडं आभाळ, करडी गुरं. आणि आत परातीत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा, पोपटाच्या पंखाचा, भरल्या तळ्याच्या काठचा हिरवा. मी खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. त्या खड्यांतून मला ओलं गवत दिसत होतं, त्यातून कुणी चालत गेलेलं, पाऊलवाट उमटलेली. सर मागे येऊन उभे होते. म्हणाले, “हात लावू नको. बघायला बंदी नाही.”

ते खडे दाखवायला मी गंगाबाईला शेडमध्ये आणलं. ती कितीतरी वेळ परातीवर वाकून राहिली.

“हे माझ्या हातातून धुऊन जायचं?”

“हो.”

“येवढं चांगलं दिसतंय, अन् येवढी खाज?”

सर म्हणाले, चिखलातलं निकेल आम्ही काढू शकतो, तिच्या कातडीने धरलेला राग नाही काढू शकत. अंगाने एकदा निकेल ओळखलं की ते जन्मभर विसरत नाही. पैंजण, पिना, घड्याळाचा पट्टा, काहीही लागलं की फोड. भट्टीची शेखी मी पुष्कळ मिरवते, पण त्या दिवशी परात झाकून ठेवावीशी वाटली.

खडे नेणारे आमचे जुने गिऱ्हाईक म्हणजे नांदेडचे करतारसिंग. कडी, किरपाणी, तलवारींच्या मुठी यांवर निकेलचा मुलामा चढवायचा त्यांचा कारखाना. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी, पूर्ण मोठ्याने. खडे बोटभर अंतरावरून पाहून ते शुद्ध आहेत की नाहीत ते सांगायचे. त्यांना विहिरीची हकिगत कळली, तेव्हा पुढच्या फेरीला वाकडी वाट करून वस्तीवर आले. गंगाबाईसाठी चकचकीत कडं आणलं होतं.

“बहनजी, तुमच्याच मालाचा मुलामा हाय.”

गंगाबाईने ते पदरात धरून पाहिलं, हात न लावता. “भाऊ, माझ्याच दारचं हाय, अन् मलाच चालंना.”

करतारसिंगांना काय ते समजलं नाही, मग मी समजावलं. ते खजील झाले. मग काठावर बसले, लाल अक्षरं मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “तपासलंय?”

“आम्ही तपासलंय,” सर म्हणाले. “नांदेडला. साफ हाय.”

“मग द्या की. इतक्या उन्हातून आलो.”

गंगाबाईने तांब्या दिला. ते गटागटा प्यायले, दाढीवरून ओघळलं, अजून मागितलं. रंग लागल्यापासून, भट्टीवरच्या आम्हा दोघांशिवाय, बाहेरच्या माणसाने प्यायलेलं ते पहिलं पाणी. गंगाबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पिपं संपली. ज्यावर ती उभी होती ती मातीसुद्धा आम्ही हातभर खोल खरवडली आणि भाजली. चार कोपऱ्यांतून माती, तीन वेगवेगळ्या वेळी विहिरीचं पाणी, सगळं तपासून घेतलं. पाणी चांगलं आहे. मी चांगलं म्हणते, कारण मी तिथं जाते तेव्हा तेच पिते.

मग पुन्हा कचेरीत. तेच साहेब. पिपं गेली, आता तपासा, म्हटलं.

“खासगी तपासणी चालत न्हाई. सरकारी करावी लागंल.”

“करा मग.”

“हद्द नव्या जिल्ह्यात...”

“तो झाला नाही अजून!”

“म्हणून तर थांबलंय सगळं.” त्यांना माझी खरोखर कीव आली होती. “रंग हाय तो, ताई. पावसानं जाईल.”

तो रंग पावसाने जाणारा नाही. चांगल्या कंपनीचा आहे. पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या, टँकर थांबले. अक्षरं तशीच. मी एकदा घासणी आणि रॉकेल घेऊन गेले. गंगाबाईने हात धरला, त्याच भेगाळलेल्या हाताने.

“न्हाई पुसायचं, पोरी. मी पुसलं तर म्हणतील, बाईनं पाप झाकलं. तू पुसलं तर म्हणतील, अप्पाच्या लेकीनं उपकार केला. आपल्याला रंगाशी काय करायचंय? लोकांनी प्यावं.”

“पितील मावशी.”

“पितेत कुठं? पाहुणे येतेत, बाटली घिऊन येतेत. माझ्या दारी येऊन बाटलीतलं पितेत, अन् मी बघत बसते. दुष्काळातच बरं होतं बघ.”

दुष्काळातच बरं होतं, असं म्हणायची वेळ एका बाईवर आली. माझ्याकडे यावर पत्रक नाही. निकेल नव्वद हातांतून गेलेल्या चिखलातूनही परत येतं, मी स्वतःच्या डोळ्यांनी रोज बघते. दुष्काळात दोन महिने जे एकत्र आलं होतं आणि एका ब्रशने वेगळं झालं, ते परत आणणारी भट्टी सरांनाही ठाऊक नाही. ते काम माणसांनी पायी येऊन करायचं आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, हा अंक हातात धरून बसलेल्या तुम्हाला. लातूरहून उदगीरच्या रस्त्याला लागा. बंद कारखान्याची चिमणी दिसली की उतरा आणि गंगाबाईची विहीर विचारा. स्वतःची रिकामी बाटली आणा, स्वतःच्या हाताने भरा, तुमचा विश्वास असेल त्या प्रयोगशाळेत द्या. माझ्या शब्दावर जाऊ नका. पाणी वाईट निघालं तर माझ्या नावाने पत्रक काढा, मजकूर मीच लिहून देईन. चांगलं निघालं तर परत या, चार लोकांदेखत गंगाबाईच्या हातून तांब्या घ्या आणि प्या. वरून ओतून नाही. ओठ लावून.